पांढऱ्या ठिगळाखालची गोकर्णाबाई

प्रिय रशीदभाई,

तुम्ही गेल्यावर चार महिन्यांनी पत्र लिहायला बसले आहे, म्हणजे माझ्या स्वभावाप्रमाणे उशिराच. आज रविवार. ऑफिस बंद असतं, पण मी किल्ली मागून घेतली आणि सकाळपासून इथेच आहे. येत्या गुरुवारी तुमच्या धाडला कापसाची परिषद आहे, त्यासाठी आपले जुने कागद पत्र्याच्या पेटीतून काढून बघायचे होते. ते बघताना दुपारी एक गोष्ट हाताला लागली. ती तुम्हाला सांगायची की तिचा जाब तुम्हाला विचारायचा, हे माझं अजून ठरत नाही.

पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही म्हणायचे, "ताई, गाडी स्टँडवरून निघू तर द्या." तर निघू द्या.

आपली पहिली भेट आठवते का? बुलढाण्यात आमच्या संस्थेची परिषद होती आणि तुम्ही कापडी बॅनर बांधायला आला होतात. पुण्याहून एक मुलगी आली होती. वक्ते बोलत होते आणि ती मोठ्या पांढऱ्या फळ्यावर ऐकता ऐकता चित्रं काढत होती. मी तोपर्यंत असं काही पाहिलं नव्हतं. जेवणानंतर नेमाने पेंगणारी आमची मंडळी त्या दिवशी टक्क जागी होती, माना उंच करून फळ्याकडे बघत होती. मी भारावून उभी होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ताई, थे कापसाचं बोंड नाई. कांदा आहे थो."

मागे वळले तर हातात सुतळी घेऊन तुम्ही. मला हसू आवरेना. खरंच कांदा होता तो. मी म्हटलं, "मग तुम्ही काढून दाखवा." तुम्ही बॅनर गुंडाळून आणलेला खाकी कागद भिंतीला टेकवला, कानामागची पेन्सिल काढली आणि उकललेलं बोंड काढलं. चार पाकळ्या, वाळलेली पात्यांची टोकं, एका पाकळीतून लोंबणारा कापूस. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने नुसती मान डोलावली. तेव्हाच मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

तुम्ही पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरची नावं, मंगल कार्यालयांच्या कमानी, सगळं तुमच्या हातचं. मग फ्लेक्स आले आणि तुमचे ब्रश खाटेखाली गेले. मी प्रशिक्षण देणारी बाई. गावोगाव जाऊन शेतकऱ्यांपुढे बोलायचं, त्यांनी मान हलवायची आणि मांडवाबाहेर पडता पडता सगळं विसरायचं, असं माझं काम वर्षानुवर्षं चाललं होतं. दोघांनाही तसं फारसं कोणी विचारत नव्हतं. आपलं जमायला हेही एक कारण झालं असेल.

छापखान्यातला उरलेला कागदाचा रोल, तुमच्या घरून नसीमभाभींनी स्टीलच्या डब्यात भरून दिलेली मैद्याची खळ, दाराच्या चौकटीपासून खिडकीपर्यंत भिंतीवर चिकटवलेला लांब कागद. तुम्ही कागदापुढे आणि मी तुमच्या उजव्या कानाशी. समोर माणूस बोलतोय, त्यातलं नेमकं मी तुमच्या कानात सांगायचं आणि तुम्ही काढायचं. मी लांबण लावली की तुम्ही ब्रश खाली करून थांबायचे.

"येवढं नाई मावत, ताई. थो माणूस म्हणून काय राह्यला, तेवढं सांगा."

कितीदा तर मला सांगताच यायचं नाही! तेव्हा कळायचं की बोलणाऱ्यालाही ते ठाऊक नाही.

तुमची एक रीत मला कळायला फार वेळ लागला. मी कानात सांगितलं तरी तुम्ही लगेच काढायचे नाही. आधी मागे वळून लोकांकडे बघायचे. मी चिडायचे, कारण तोवर वक्ता पुढच्या मुद्द्यावर गेलेला असायचा. एकदा तुम्ही मला समजावलं, "बोलणाऱ्याले तुम्ही पाहा. मी आयकणाऱ्याले पाह्यतो. कोणाची मान वळली, कोण कोणाकडं पाहून राह्यलं, थे कागदावर यायले पाह्यजे. नाईतर लोक काऊन पाह्यतील?" आणि लोक बघायचे. चहाच्या सुट्टीत कागदाभोवती गर्दी व्हायची, बोटं ठेवून ठेवून चित्रं वाचली जायची. कागदाच्या खालच्या अंगाला बोटांचे डाग पडायचे आणि तुम्ही ते पुसू द्यायचे नाही.

धाडच्या बाजारात एकदा एका शेतकऱ्याने मला थांबवलं होतं. त्याने काठीने मातीत चौकोन काढला, त्याच्या चारही बाजूंनी रेघा मारल्या आणि म्हणाला, "ह्या तुमच्या बिगर-बीटीच्या लायनी. ध्यानात हायेत." बीटीच्या थैलीसोबत साध्या बियाण्याची एक छोटी पुडी येते, ते बी वावराच्या कडेने लावायचं, म्हणजे अळीला बीटी पचवायची सवय लागत नाही. हे मी किती सभांमधून घसा कोरडा करून सांगितलं होतं. लोक ती पुडी फुकटची समजून नांग्या भरायला वापरायचे, जिथे रोप उगवलं नाही तिथे ते बी टाकून मोकळे व्हायचे. त्या माणसाच्या डोक्यात मात्र तुमचा चौकोन राहिला होता. मी घरी जाऊन तुम्हाला फोन केला, तर तुम्ही विचारलंत, "चारई बाजूनं काढल्या का त्यानं?" बस, एवढंच.

आपली एक चूकही झाली. ती तुम्हाला फार लागली होती, म्हणून लिहू की नको, असं वाटलं. मेहकरकडच्या एका मेळाव्यात तुम्ही गुलाबी बोंडअळी काढली. मागच्या रांगेला दिसावी म्हणून चांगली हातभर काढली. पुढच्या मोसमात त्याच गावात गेलो, तर एक शेतकरी म्हणाला, "तुमच्या कागदावरची अळी केवढी! म्या तसली रोज शोधली. नाई सापडली." त्याची बोंडं आतून खाल्ली गेली होती. परतीच्या जीपमध्ये चिखली आली. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बीटी नवं नवं आलं तव्हा इकडच्या साऱ्या भिंती म्याच रंगवल्या, ताई. कंपनीच्या माणसानं सांगतलं म्हून बोंड नारळायेवढं काढलं. आता अळी मोठी काढली. दोन्ही खेपा गलत."

मी म्हटलं, "तुमचा काय दोष?" त्यानंतर तुम्ही कधी अळी काढली की तिच्याशेजारी माणसाचा अंगठा काढायचे आणि त्या अंगठ्याच्या मापाने अळी. मागच्या रांगेला दिसत नसे. मग मागची रांग उठून पुढे यायची.

आता आली मी मुद्द्यावर.

दोन वर्षांपूर्वीची बुलढाण्याची परिषद. ते वर्ष अळीने पार धुऊन नेलं होतं. लोकांनी वेचणी सोडून उभ्या पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या पिकात, गुरं घातली होती. सभागृहात खुर्च्यांवर सगळे पुरुष, बाया मागे दाराजवळ सतरंजीवर. आमच्या संस्थेचे मोठे साहेब बोलले की शेतकऱ्यांनी कडेच्या ओळी लावल्या नाहीत, सांगूनही ऐकलं नाही, म्हणून ही वेळ आली. लोक चुळबुळले, पण कोणी उठलं नाही. आणि मग मागून गोकर्णाबाई उठली. माईक तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच बोलायला लागली.

"साहेब, सरकी टोबतो आमी. साऱ्या गावाची टोबतो. मीटिंगले जाते मालक. पुडी आमच्या हातात आली अन् सांगणं त्याच्या कानात गेलं. आमाले कोणी सांगतलं का कव्हा?"

मी तुमच्या कानात काहीच सांगितलं नाही, आठवतं का? मला सांगता आलं नाही. कारण सांगायला जायची ती मी. ती प्रशिक्षणं माझी. हजेरीच्या कागदावर पुरुषांच्या सह्या बघून समाधानाने परत यायची तीही मीच. तुम्ही मागे वळून बघितलंत, एकदा माझ्याकडे बघितलंत आणि मग माझ्या सांगण्याशिवाय काढायला लागलात.

जेवणाची सुट्टी झाली, तेव्हा मी ते चित्र पाहिलं. उजवीकडे सरीत वाकून सरकी टोबणाऱ्या, एकेक बी मातीत खोचणाऱ्या बाया, सगळ्यांत पुढे गोकर्णाबाई, हातात पुडी. डावीकडे खुर्च्यांवर पुरुषांच्या रांगा. आणि मध्ये एक पाठमोरी बाई, अंबाडा, खांद्याला झोळी, चष्म्याला दोरी. मला आरशात बघायची गरज पडली नाही. बायांकडे पाठ करून उभी असलेली मी, सगळ्या जिल्ह्यासमोर, भिंतीवर!

मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "हे झाका. साहेबांना चालणार नाही."

रशीदभाई, साहेबांनी ते चित्र पाहिलंसुद्धा नव्हतं. ते जेवायला गेले होते आणि जेवून तसेच निघून गेले. कुणी काही म्हणालं नव्हतं. मी खोटं बोलले. हे सांगायला मला दोन वर्षं आणि तुमचं जाणं लागलं.

आपल्या कामात चूक झाली तर पांढऱ्या कागदाचं ठिगळ लावायची रीत होती. तुम्ही माझ्याकडे एकदाच बघितलंत, काही विचारलं नाहीत. ठिगळ कापलंत, खळ लावलीत, हाताने दाबून बसवलंत. तेव्हा तरी भांडायचं होतं. ब्रशची जाडी, माणसाचं नाक, सावली कोणत्या बाजूला, यावर तुम्ही माझ्याशी तास तास भांडायचे. त्या दिवशीच गप्प का राहिलात?

आणि जेवणानंतर गोकर्णाबाई आली. सोबत गावातल्या तीन बाया घेऊन आली. कुणीतरी तिला सांगितलं असणार की तुझं चित्र काढलंय. ती हौसेने कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली आणि त्या पांढऱ्या चौकोनापुढे थांबली.

"इथं व्हतं म्हणे माहं चित्र. कुठी गेलं?"

मी हातातल्या याद्या चाळत राहिले. तुम्ही पुढे झालात. "आहे बाई, तिथंच आहे. आत आहे."

तिच्यासोबतची एक बाई हसली. गोकर्णाबाईने त्या ठिगळावर हात ठेवला, मग पदर सारखा केला आणि, "चला, गाडी भेटणार नाई," म्हणत बायांना घेऊन निघून गेली. मला वाटलं, तुम्ही तिची समजूत घातलीत. मनात तुमचे आभारही मानले. कसली मी!

त्यानंतर तुम्ही आला नाहीत. मी दोनदा बोलावलं. एकदा म्हणालात, "डोळे दुखून राह्यले, ताई." दुसऱ्यांदा म्हणालात, "पाहू." मी आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर त्या ठिगळाबद्दल बोलावं लागलं असतं. आणि मग धाडहून फोन आला की रशीदभाई गेले, सकाळी अंगणात बसले होते, बसल्या बसल्याच गेले. मी पोचले तोवर दफन होऊन गेलं होतं. नसीमभाभींजवळ बसले. त्या म्हणाल्या, "तुमचं नाव काढत व्हते. ताई येईल म्हणत व्हते." मी येईन म्हणून तुम्ही वाट बघत होतात आणि मी इथे तुमची वाट बघत होते. बुलढाणा ते धाड, एका एसटीचं अंतर आहे हो.

तुम्हाला सांगते, फार एकटं वाटतं. तुम्ही म्हणाल, संस्थेत एवढी माणसं आहेत. आहेत. आता सभांमध्ये पडद्यावर मुद्दे दाखवतात, एकाखाली एक. कोणी चांगलं बोललं की माझी मान आपोआप डावीकडे वळते, तोंड अर्धं उघडतं आणि तिथे भिंत असते. घरी मी एकटीच. तिथे बोलायला कोणी नसतं, त्याची सवय आहे. पण भरलेल्या सभागृहात कानात सांगायला माणूस नाही, ही सवय होत नाही. अकरा वर्षांत तुम्ही माझं जेवढं ऐकलंत, तेवढं माझं कोणी ऐकलं नाही, आणि ते सगळं बोलणं होतं कापसाचं.

गुरुवारच्या परिषदेसाठी ऑफिसने सांगितलंय की फ्लेक्स छापून घेऊ, तुमचा तो कागद आता राहू द्या. मीही हो म्हणून बसले होते. फ्लेक्सवर टाकायला जुन्या चित्रांचे फोटो काढावेत म्हणून आज पेटी उघडली. एकेक रोल जमिनीवर पसरत गेले, कोपऱ्यांवर डबा, पंचिंग मशीन, माझ्या चपला, मिळेल ते वजन ठेवत. तो रोल शेवटी आला. ठिगळ तसंच होतं, थोडं पिवळं पडलेलं.

म्हटलं, पाणी लावून बघावं, निघतंय का. निघेल अशी आशा नव्हती. तुम्ही चिकटवलेला कागद काढायला गेलं तर भिंतीचा पोपडा सोबत यायचा. मी खालच्या कडेला नख लावलं, तर ठिगळ अलगद वर उचललं गेलं.

तुम्ही खळ फक्त वरच्या कडेला लावली होती. बोटभर पट्टी. बाकी सगळं मोकळं, दाराचा पडदा असतो तसं.

मी तिथेच फरशीवर बसले. "आहे बाई, तिथंच आहे. आत आहे." तुम्ही तिला खरं सांगत होतात! आणि मला? मला का नाही सांगितलंत? मी कधीतरी उचलून बघेन म्हणून सोडलं होतंत का? दोन वर्षं तो कागद माझ्या पेटीत, माझ्या टेबलापासून चार हातांवर होता. मी एकदा जरी हात लावला असता तरी कळलं असतं. मी पेटीकडे बघायचंच टाळत राहिले.

आणि अजून एक. ते चित्र मी त्या दिवशी नीट पाहिलंच नव्हतं. झोळी पाहिली, अंबाडा पाहिला, पाठ पाहिली आणि घाबरले. आज चष्मा पुसून जवळून पाहिलं. ती बाई पाठमोरी आहे खरी, पण तिची मान वळलेली आहे. चष्म्याची दोरी गालावरून येताना दिसते, नाकाची रेघ दिसते. ती बायांकडे बघते आहे. खुर्च्यांवरच्या पुरुषांत एकाचीही मान वळलेली नाही, त्या एकटीची वळलेली आहे.

तुम्ही ऐकणाऱ्यांकडे बघायचे. गोकर्णाबाई बोलली तेव्हा तुम्ही मागे वळून बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत आणि जे दिसलं ते काढलंत. त्यात मला दोष दिलेला नव्हता. माझी मान वळली, हे तुम्ही लिहून ठेवलं होतं. आणि मी तुमच्याकडूनच ते झाकून घेतलं.

म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात, असं धरून चालू का? की हे चित्र काढताना रागावला नव्हतात आणि ठिगळ लावताना रागावलात? आता कोणाला विचारू? नसीमभाभींना विचारलं तर त्या, "त्यांले राग येतच नव्हता," म्हणतील, आणि तो यायचा, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

रडून झालंय. आता काय करणार आहे, ते सांगते.

उद्या ऑफिसमध्ये जाऊन फ्लेक्स नको म्हणणार आहे. कारणही खरं सांगणार आहे, साहेबांचं नाव न घेता. बुधवारी हा रोल काखेत मारून गोकर्णाबाईच्या गावी जाईन. तिला म्हणेन, बाई, ते ठिगळ मी लावायला लावलं होतं, तुझ्या बोलण्याने मला माझीच लाज वाटली म्हणून. ती शिव्या देईल किंवा चहा देईल. दोन्ही घेईन. ठिगळ मी उचलणार नाही. ते तिच्या हाताने उचलू दे.

गुरुवारी धाडच्या सभागृहात सरकी टोबणाऱ्या बाया पुढच्या खुर्च्यांवर बसतील. माईक आधी त्यांच्याकडे जाईल. भिंतीवर कागद लागेल, दारापासून खिडकीपर्यंत. खळ नसीमभाभींकडूनच आणणार आहे. मी विचारलं तर त्या नाही म्हणणार नाहीत.

चित्र कोण काढणार, असं तुम्ही विचारालच. मी काढणार. डावीकडे एका माणसाची जागा सोडून उभी राहीन, आधी मागे वळून बघेन आणि मग काढेन. बोंड माझ्याच्याने जमणार नाही, त्याचा कांदा होणार हे मला आत्ताच दिसतंय. तरी काढीन. आणि मागून कोणी म्हणालं, "ताई, थे बोंड नाई, कांदा आहे थो," तर मी ब्रश त्याच्या हातात देईन, रशीदभाई, आणि त्याच्या उजव्या कानाशी जाऊन उभी राहीन.

तुमच्या कानात लांबण लावणारी,
सुमनताई